बोटीच्या पोटातले पाणी : वेकबोर्ड बोटीचे 'बॅलास्ट' वाढविताना

अहिल्यानगर, प्रतिनिधी

धरणाच्या जलाशयावर फेरीची बोट सुटण्याआधी नावाडी प्रवाशांवर एक नजर टाकतो आणि फर्मावतो : "दोघे जण पुढे या, मागे गर्दी नको." कुटुंबाला एकत्र बसायचे असते, त्यामुळे थोडी कुरबूर होते. पण भंडारदरा असो, मुळा धरण असो वा नाथसागर, नावाड्याच्या या फर्मानामागे नौकाशास्त्रातील एक मूलभूत नियम आहे. बोटीत वजन किती आहे याला महत्त्व असतेच, पण ते कोठे ठेवले आहे याला त्याहून अधिक महत्त्व असते. हेच वजन मोजूनमापून, ठरवून बोटीच्या पोटात भरले की त्याला 'बॅलास्ट' म्हणतात. खलाशांच्या जुन्या बोलीत त्यासाठी 'नीरम' असा नेमका शब्द होता. रिकाम्या गलबताच्या तळाशी दगड किंवा वाळू भरून ते स्थिर करण्याची रीत जुनी आहे. आजच्या वेकबोर्ड बोटीत दगडांची जागा पाण्याने आणि हमालांची जागा विजेच्या पंपांनी घेतली आहे, एवढाच फरक.

फरक आणखीही एक आहे, आणि तो उलट्या दिशेचा आहे. गलबतात नीरम भरत ते गलबत स्थिर राहावे म्हणून. वेकबोर्ड बोटीत बॅलास्ट भरतात ते बोटीमागे मोठी लाट उठावी म्हणून. पहिल्या प्रकारात वजन सुरक्षिततेसाठी असते, दुसऱ्यात खेळासाठी. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर बॅलास्टची क्षमता वाढविताना कोठे थांबायचे याचे उत्तर पुष्कळसे आपोआप मिळते.

नगर जिल्ह्याला (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) समुद्रकिनारा नाही. पाणी मात्र बरेच अडविलेले आहे. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे विल्सन धरण आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या या दगडी धरणाची उंची सुमारे ८२ मीटर असून साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. त्याच नदीवर खाली निळवंडे. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे २६ टीएमसीचे मुळा धरण. आणि पूर्वेकडे शेवगाव, नेवासे तालुक्यांच्या कडेला पैठणच्या जायकवाडी धरणाचा अफाट नाथसागर. वेकबोर्डिंग येथे अद्याप रुजलेले नाही. फेरीच्या बोटी आणि वेगवान स्पीडबोटी यांच्यापुरतेच येथील जलपर्यटन मर्यादित आहे. परंतु साधी स्पीडबोट घेऊन तिला मागे दोरी बांधायची आणि पिछाडीला वजन टाकायचे, या मार्गानेच हा खेळ सर्वत्र सुरू झाला. जलपर्यटनाचा उत्साह पाहता येथेही तो याच मार्गाने येईल. म्हणून बॅलास्टचे गणित आधीच समजून घेतलेले बरे.

खेळ आणि त्याची लाट

वेकबोर्डिंगमध्ये खेळाडू एका फळीवर दोन्ही पाय अडकवून आडवा उभा राहतो आणि बोटीला बांधलेल्या दोरीच्या आधाराने ओढला जातो. दोरीची लांबी साधारण २० ते २५ मीटर आणि बोटीचा वेग ताशी ३० ते ३८ किलोमीटर असतो. बोट पुढे जाताना मागे दोन्ही अंगांना जी लाट उठते, तिच्यावरून खेळाडू हवेत झेपावतो. अमेरिकेत सॅन दिएगो येथील टोनी फिन याने १९८५ मध्ये 'स्कर्फर' नावाची फळी बाजारात आणली, तेथून या खेळाला आकार आला. १९९० मध्ये हर्ब ओब्रायन याने पाण्यात सहज बुडवता येणारी सडपातळ फळी तयार केली आणि खेळ सामान्यांच्या आवाक्यात आला. २०२० च्या ऑलिंपिकसाठी विचाराधीन असलेल्या खेळांच्या यादीत २०११ साली वेकबोर्डचेही नाव होते. मात्र तो प्रकार बोटीऐवजी तारेने ओढण्याचा होता आणि अखेरीस त्याची निवड झाली नाही. याच कुळातील वेकसर्फिंगमध्ये वेग आणखी कमी, ताशी १६ ते १९ किलोमीटर असतो. खेळाडू दोरी सोडून देतो आणि केवळ लाटेच्या जोरावर बोटीमागे तरंगत राहतो. त्यासाठी लागणारी लाट अर्थातच अधिक मोठी असते.

लाट उठते ती बोटीने बाजूला सारलेल्या पाण्यामुळे. बोट जेवढी जड, तेवढे अधिक पाणी ती बाजूला सारते. सुरुवातीच्या काळात हौशी मंडळी बोटीत पाण्याचे पिंप, सिमेंटच्या गोण्या, शिशाच्या पिशव्या आणि जमतील तेवढे मित्र भरत. पुढे जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. त्यानंतर बोट बनविणाऱ्या कंपन्यांनी तळाखाली टाक्याच बसविल्या. आज या वर्गातील महागड्या बोटींमध्ये दोन टनांपर्यंत पाणी भरण्याची सोय कारखान्यातूनच येते. जुन्या किंवा साध्या बोटींच्या मालकांना त्या लाटेचा मोह पडतो, आणि मग बॅलास्ट वाढविण्याचा उद्योग सुरू होतो.

आधी वजाबाकी

या उद्योगात पहिली वस्तू विकत घ्यायची ती पंप नव्हे. कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे. गोड्या पाण्याचे वजन एका लिटरला एक किलो. बाजारात मिळणाऱ्या पिशव्या सामान्यतः १८०, ३४० आणि ५०० किलोंच्या असतात. समजा, एका बोटीच्या पाटीवर माणसे आणि सामान मिळून ११०० किलो भाराची मर्यादा लिहिली आहे आणि माणसांची संख्या १२ दिली आहे. पिछाडीच्या दोन्ही कप्प्यांत ३४० किलोंची एकेक पिशवी ठेवली, तर ६८० किलो तेथेच संपले. उरले ४२०. सरासरी ७५ किलोंची पाच माणसे बसली की ३७५ झाले. लाइफ जॅकेट, फळ्या, दोऱ्या, नांगर, डबे यांचे ५० किलो धरले, तर एकूण भार ११०५ किलो होतो. म्हणजे बारा जणांची बोट आता जेमतेम पाच जणांची राहिली. खरे तर चारच.

ही वजाबाकी न करता पिशव्या भरायच्या आणि वर बारा माणसेही बसवायची, हा या क्षेत्रातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक प्रमाद होय. पाटीवरील मर्यादा बॅलास्टलाही लागू असते. पाणी तळाशी आहे, दिसत नाही, म्हणून ते भारात धरायचे नाही, असा समज असल्यास तो सोडून द्यावा.

या भाराचा परिणाम डोळ्यांना दिसतो तो बोटीच्या काठावर. पाण्याच्या पातळीला बोटीने व्यापलेले क्षेत्र सुमारे १० चौरस मीटर असेल, तर १००० किलो वजनाने ती १० सेंटीमीटर खाली जाते. काठ आणि पाणी यांच्यातील अंतर ६० सेंटीमीटर असेल तर ते ५० वर येते. ऐकायला हे फारसे वाटत नाही. पण वजन सर्वत्र सारखे नसते. ते पिछाडीला असले तर मागचा काठ १०ऐवजी १५ ते २० सेंटीमीटरही खाली जाऊ शकतो आणि पुढचा भाग वर उचलला जातो. चालकाला पुढचे दिसेनासे होते. मग पुढचा भाग खाली आणण्यासाठी तेथेही एक पिशवी टाकली जाते. सर्वसाधारणपणे वेकबोर्डिंगसाठी सुमारे ६० टक्के वजन मागे आणि ४० टक्के पुढे ठेवण्याचा प्रघात आहे. मागचे वजन लाट उंच आणि तीव्र करते; पुढचे वजन तिला लांब आणि नितळ उतार देते.

स्वीडनच्या 'वासा' या युद्धनौकेची कथा येथे सांगण्यासारखी आहे. १६२८ मध्ये स्टॉकहोम बंदरातून पहिल्याच प्रवासाला निघालेली ही नौका वाऱ्याच्या झोताने कलंडली आणि किनाऱ्यावरील लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. ती वरून फार जड होती आणि तळातील दगडांचे वजन तिला सावरण्यास अपुरे होते. मग अधिक दगड का भरले नाहीत? तसे केले असते तर नौका आणखी खाली बसून तोफांच्या खालच्या खिडक्या पाण्याच्या फारच जवळ आल्या असत्या. कलल्यावर पाणी शिरले ते त्याच खिडक्यांतून. वजनाने स्थैर्य येते, पण त्याची किंमत काठाच्या उंचीने मोजावी लागते.

अर्धी भरलेली टाकी

पाण्याच्या बॅलास्टचा एक अवगुण दगडांत नव्हता. पाणी हलते. कावड घेऊन चालणाऱ्या माणसाला हे सांगायला नको : काठोकाठ भरलेली घागर निमूट राहते, अर्धी घागर हिंदकळते. बोट एका बाजूला कलली की अर्ध्या भरलेल्या टाकीतील पाणी नेमके त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. टाकी जितकी रुंद तितका हा परिणाम भीषण. तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोन मीटर रुंदीच्या टाकीत मधोमध पडदा घालून दोन भाग केले, तर हा परिणाम एक चतुर्थांश उरतो. यामुळेच बॅलास्टच्या टाक्या नेहमी अनेक लहान भागांत असतात आणि पिशव्याही रुंद एक न घेता अरुंद दोन घेणे शहाणपणाचे ठरते.

यावरून एक नियम निघतो. पिशवी पूर्ण भरलेली असावी किंवा पूर्ण रिकामी. भरताना आणि रिकामी करताना बोट उभी असावी आणि माणसे बसलेली असावीत. वेकसर्फिंगसाठी तर एकाच कोपऱ्यात वजन देऊन बोट हेतुपुरस्सर कलती ठेवतात. ३४० किलोंची पिशवी एका बाजूला टाकणे म्हणजे साडेचार माणसांनी त्या काठाला खेटून बसणे. अशा वेळी उरलेली माणसेही पाण्यात पडलेल्या खेळाडूला पाहायला त्याच बाजूला धावली, तर काय होईल याची कल्पना करता येते.

पाण्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. बोटीत पाणी भरून ती बुडू लागली, तर शिशाच्या पिशव्या तिला खाली ओढतात. पाण्याची पिशवी ओढत नाही, कारण पाण्यात पाण्याला वजन उरत नाही. शिवाय संकटात पाणी उपसून टाकता येते. म्हणून वजन वाढवायचेच असेल तर पाण्यानेच वाढवावे. सिमेंटच्या गोण्या किंवा लोखंडाचे तुकडे बोटीत टाकण्याचा स्वस्त उपाय टाळावा. ते वेगात सरकतात आणि तळही फोडतात.

पंप, नळ्या आणि तारा

सर्वांत साधी व्यवस्था म्हणजे काठावरून पाण्यात सोडायचा सुटा पंप. एक माणूस नळी धरून पिशवी भरतो, संपल्यावर तसाच उपसतो. तळाला छिद्र पाडावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण. वेळ जातो, हात भरतात, हा दोष. आठवड्यातून एकदा बोट बाहेर काढणाऱ्याने याच व्यवस्थेवर समाधान मानावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुढची पायरी म्हणजे कायमस्वरूपी नळयोजना. तळाला छिद्र पाडून तेथे धातूची जोडणी बसवितात. तिच्यावर बंद करता येणारा व्हॉल्व्ह. तेथून एक इंचाच्या जाड नळ्यांनी पंप आणि पिशव्या. पंपांचे दोन प्रकार आहेत. पहिला मत्स्यपेटीत हवा खेळविणाऱ्या पंपाच्या जातीचा : स्वस्त, वीज कमी खाणारा आणि वेगवान. पण तो स्वतः पाणी ओढून घेऊ शकत नाही. पाण्याच्या पातळीखाली बसवावा लागतो आणि आत हवा अडकली की नुसता घरघरत राहतो. शिवाय तो एकाच दिशेने पाणी ढकलतो, त्यामुळे भरायला एक आणि उपसायला दुसरा असे दोन पंप लागतात. दुसरा प्रकार रबरी पात्यांचा : तो पाणी ओढूनही घेतो आणि बटण उलटे दाबले की उलटा फिरून पिशवी रिकामी करतो. तो महाग असतो, वीज अधिक खातो आणि कोरडा फिरला की पाती जळतात. त्यामुळे पात्यांचा एक संच बोटीत राखून ठेवावा लागतो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ४० लिटर टाकणारा पंप ५०० लिटरची पिशवी साडेबारा मिनिटांत भरतो. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा मात्र नळीची लांबी, वळणे आणि चढ यांमुळे प्रत्यक्षात मिळत नाही. पाव हिस्सा आधीच वजा करावा. रबरी पात्यांचा एक पंप १२ व्होल्टवर १५ ते २० अँपिअर प्रवाह घेतो. असे तीन एकदम चालले तर ४५ ते ६० अँपिअर झाले. म्हणून जाड तारा, प्रत्येक पंपाला स्वतंत्र फ्यूज आणि शक्यतो इंजिन सुरू ठेवणाऱ्या बॅटरीहून वेगळी बॅटरी हवी. जलाशयाच्या मध्यभागी बॅटरी उतरली, तर पाणी उपसताही येत नाही आणि इंजिनही सुरू होत नाही.

तीन बारकावे असे आहेत की, ज्यांवर जीव अवलंबून असतो. पहिला, इंजिनाच्या कप्प्यात बसविलेला पंप ठिणगी बाहेर न पडू देणारा, नौकेसाठीच प्रमाणित केलेला असावा; बंद कप्प्यात पेट्रोलची वाफ साठते. दुचाकीच्या दुकानातील किंवा कूलरचा पंप तेथे चालणार नाही. दुसरा, पंप बंद केल्यावरही पाणी नळीतून आपोआप आत येत राहू शकते. टाकीतून रबरी नळीने रॉकेल काढताना जे होते, तेच. यासाठी नळीला पाण्याच्या पातळीच्या वर उंच वळसा देऊन तेथे हवा घेणारी झडप बसवितात. ती नसेल तर धक्क्याला बांधलेली बोट रात्रीतून भरू शकते. म्हणून बोट सोडून जाताना तळाचा व्हॉल्व्ह हाताने बंद करणे हा शिरस्ता असावा. तिसरा, प्रत्येक पिशवीला हवा आणि जादा पाणी बाहेर टाकणारी स्वतंत्र नळी हवी. ती चिमटली गेली तर पिशवी फुगून कप्प्याची फळी, प्रसंगी इंजिनावरचे झाकणही उचलते. पिशवी फुटली तर सारे पाणी बोटीत मोकळे सुटते. त्यामुळे तळातील पाणी उपसणारा मूळ पंप आणि त्याची धोक्याची घंटा तपासल्याखेरीज बॅलास्टचे बटण दाबूच नये.

इंजिनावरही भार येतो. वजन वाढले की बोट उचल घेईनाशी होते, इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचत नाही आणि तापते. अशा वेळी कमी आट्याचा पंखा बसवावा लागतो. त्याने ओढ वाढते, सर्वोच्च वेग घटतो. खर्चाच्या अंदाजपत्रकात ही बाब बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, आणि वाढलेल्या पेट्रोलचीही.

पुढचा काठ

वेकबोर्ड बोटी बुडण्याचा एक ठरलेला प्रकार आहे. बोट वजनाने भरलेली, पुढच्या बाकांवर चार-सहा माणसे, मागे स्वतःच उठविलेली मोठी लाट. खेळाडू पडतो. चालक एकदम वेग कमी करतो आणि वळतो. मागची लाट बोटीला गाठते किंवा वळताच समोर येते. पुढचा भाग तिच्यात घुसतो आणि शेकडो लिटर पाणी क्षणात आत येते. पुढे बसलेली माणसे भीतीने मागे पळतात, पाणीही त्यांच्याबरोबर धावते. उपाय एवढाच की, वेग हळूहळू कमी करावा, लाटेला तिरके सामोरे जावे आणि पुढच्या भागात बॅलास्ट भरले असेल तर तेथे माणसे बसवू नयेत.

आपल्याकडील पाण्याने अलीकडेच दिलेले दोन घाव विसरण्यासारखे नाहीत. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी मार्गावरील बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली; सहा जणांचा मृत्यू झाला, एक जण पोहत किनारा गाठू शकला. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि दलाच्या तिघांना प्राण गमवावे लागले. या दोन्ही दुर्घटनांचा बॅलास्टशी संबंध नाही. पण प्रशिक्षित जवानांची बोटही जेथे सावरली नाही, तेथे खेळासाठी काठाची उंची आपण होऊन कमी करणाऱ्याने वारा आणि प्रवाह यांचा विचार आधी करायला हवा. मे महिन्यात नगर परिसरात दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि वावटळ काही मिनिटांत पोचते. सकाळची वेळ त्यामानाने बरी. बॅलास्ट भरून दुपारी चारनंतर पाण्यात राहणे म्हणजे आपत्तीला आमंत्रण.

लाट किनाऱ्यावर पोचते तेव्हा

लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची दुप्पट झाली, तर ऊर्जा चौपट. बॅलास्टने वाढविलेली ही ऊर्जा खेळाडूने वापरून संपत नाही. ती किनाऱ्याकडे जाते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये केलेल्या अभ्यासात, वेकसर्फिंगच्या बोटीची लाट साध्या बोटीच्या लाटेइतकी शमण्यासाठी ५०० फुटांहून अधिक अंतर लागते असे आढळले. व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये नियमच केला : अशा खेळासाठी किनाऱ्यापासून किमान ५०० फूट (सुमारे १५२ मीटर) अंतर, किमान २० फूट (६ मीटर) खोली आणि या दोन्ही अटी पुरवणारे ५० एकर सलग पाणी हवे.

हे मोजमाप आपल्या जलाशयांना लावून पाहिले की चित्र बदलते. भंडारदरा ऑगस्टमध्ये काठोकाठ भरते आणि आवर्तने सुटत जातात तसे उन्हाळ्यापर्यंत खाली जाते. ऑगस्टमध्ये जेथे ६ मीटर पाणी असते, तेथे मे महिन्यात चिखल असू शकतो. पाण्याखाली गेलेल्या बांधांचे दगड, झाडांचे बुंधे दर आठवड्याला वेगळ्या खोलीवर येतात. आणि बॅलास्टने खाली बसलेल्या बोटीचा पंखा तेवढाच अधिक खाली असतो. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, त्या कच्च्या काठावर लाट आदळली तर माती पाण्यात येते. धरणात गाळ आधीच कमी नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराला तर शंभर मीटरवरून आलेली लाटही पाण्यात फेकू शकते. त्याच्याजवळ सहसा लाइफ जॅकेट नसते.

मुळा धरणातून नगर शहर पाणी पिते. नाथसागराचा परिसर १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या त्या उथळ जलाशयावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. या दोन्ही ठिकाणी लाटेच्या खेळाला जागा नसावी, असे वाटते. उरते भंडारद्याचे खोल पाणी, तेही भरलेले असताना आणि धरणाच्या भिंतीपासून, तसेच शेंडी-रतनवाडी बाजूच्या वाहतुकीपासून दूर.

कायद्याची बाजूही आहे. १९१७ चा जुना कायदा रद्द होऊन अंतर्देशीय जलयाने अधिनियम २०२१ लागू झाला आहे. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता आणि विमा या गोष्टी त्याखाली येतात. बोटीतील फेरबदलही त्याच्या कक्षेबाहेर नाहीत. तळाला छिद्र पाडून अर्धा-एक टन भार वाढविणे हा फेरबदल किरकोळ म्हणता येणार नाही. असा बदल करून नवी तपासणी न करता प्रवासी बसविले आणि अपघात घडला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारील. जलाशयावर उतरण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी निराळी.

एका जलाशयाचे पाणी दुसऱ्यात

ज्या जिल्ह्यात पाण्याच्या प्रत्येक टीएमसीवरून आंदोलने होतात, तेथे कोणी बोटीत हजार लिटर पाणी भरून खेळतो आहे म्हटल्यावर भुवया उंचावणारच. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर, आणि बॅलास्टचे पाणी खर्च होत नाही, परत सोडले जाते. तेव्हा ती चिंता नको. चिंता आहे ती ते कोठे परत सोडले जाते याची.

जहाजांच्या बॅलास्टच्या पाण्यातून जलचर एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात पोचतात आणि तेथील जीवसृष्टी उद्ध्वस्त करतात, हे जगाने अनुभवले आहे. त्यावरील आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. अमेरिकेच्या तळ्यांमध्ये झेब्रा शिंपल्यांनी नळयोजना आणि विद्युत केंद्रे बंद पाडण्यापर्यंत मजल मारली. तळ्यातून तळ्यात हिंडणाऱ्या लहान बोटी त्यांचे एक वाहन ठरल्या. म्हणूनच व्हरमाँटच्या नियमात बॅलास्टच्या बोटीने एकाच तळ्यावर राहावे, अन्यत्र न्यायची असल्यास आधी निर्जंतुक करून घ्यावी, अशी अट आहे. आपल्या नद्यांत जलपर्णीने जे केले ते सर्वांसमोर आहे.

पिशव्या पूर्ण रिकाम्या होत नाहीत. पंपाने हवा ओढायला सुरुवात केली तरी तळाशी काही लिटर पाणी राहतेच. म्हणून बोट जलाशयाबाहेर काढण्यापूर्वी सर्व पिशव्या उपसाव्यात, बाहेर आल्यावर नळ्यांची सर्वांत खालची टोके उघडून उरलेले पाणी जमिनीवर सोडावे, पिशव्यांची तोंडे उघडी ठेवून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. नगरच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग आहे. उन्हात पिशव्यांचे प्लॅस्टिक मात्र कडक होते. वाळल्यावर त्या सावलीत गुंडाळून ठेवाव्यात आणि दर हंगामाच्या आरंभी शिवणी, तोंडे व घासलेल्या जागा पाहून घ्याव्यात.

बोट ट्रेलरवर चढविण्याआधी पिशव्या रिकाम्या करण्याचे दुसरे कारण रस्त्यावरचे आहे. ट्रेलरचे आस, चाके आणि ब्रेक रिकाम्या बोटीच्या वजनासाठी बनविलेले असतात. भंडारदऱ्याहून राजूर, अकोलेमार्गे खाली उतरताना वळणांवर जीपच्या मागे विसरलेले ६८० किलो पाणी हिंदकळत असेल, तर गाडीचे ब्रेक दाबल्यावर ते पुढे धावते.